आबा पाचला का उठतात?

प्रिय राधा,

पुण्याहून परतताना तू विमानात विचारलं होतंस, "आबा सुट्टीतसुद्धा पाचला का उठतात? मराठी लोकांना झोप आवडत नाही का?" याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

झोप आवडते गं! उशिरा उठणारे मराठी लोकही भरपूर आहेत, तुझा मामाच बघ. पण आबांचं लहानपण खेड्यात गेलं. धारा काढायच्या, पाणी भरायचं, अंगणात सडा घालायचा आणि ऊन चढायच्या आत शेतातली जड कामं उरकायची. मे महिन्यात नऊ वाजताच ऊन कसं चटके देतं ते तू पाहिलंस. कार्तिकात देवळात काकडआरती असायची, तिला पोरंसोरंही अंधारात अंघोळ करून जायची. दिवाळीतलं अभ्यंगस्नान सूर्य उगवायच्या आत, हे तर तुला माहीतच आहे. इथे स्टॉकहोममध्येही आपण ते सहाला उरकतो, तू कितीही कुरकुरलीस तरी.

एक गोष्ट मला इथे आल्यावरच नीट कळली. पुण्यात सूर्य वर्षभरात फारसा मागेपुढे होत नाही. उन्हाळ्यात सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या जरा पुढे. म्हणून 'सूर्याच्या आधी उठावं' ही सवय बारा महिने पाळता येते. इथे जूनमध्ये तो साडेतीनला उगवतो आणि डिसेंबरात पावणेनऊला. इथे कुणी सूर्यावर उठायचं म्हटलं तर त्याची झोपच बिघडेल. डिसेंबरात तू अंधारात शाळेला निघतेस, तेव्हा लवकर उठल्याचं सुख कुठून वाटणार? त्यात तुझा काही दोष नाही.

"लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, संपत्ती, आरोग्य भेटे" असं आम्हाला लहानपणी ऐकवायचे. मला ते पूर्ण पटत नाही. मामा रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करायचा आणि उत्तम शिकला. आबांवर आता शेतीची, गाईगुरांची कसलीच जबाबदारी नाही. तरी ते उठतात, कारण त्यांना वेताळ टेकडीवर जायचं असतं. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. तू एकदाच गेलीस, तेही आठ वाजता. खरी टेकडी त्याच्या दोन तास आधी असते. पायाखालचा मुरूम जेमतेम दिसतो. आधी दयाळ पक्षी शीळ घालतो, मग खालच्या झाडीतून मोर ओरडतो, आणि उजाडलं की तांबटाचं टुक-टुक सुरू होतं. त्या वेळी हवा थंड आणि स्थिर असते, शहराची गडबड सुरू झालेली नसते, त्यामुळे आवाज लांबवर ऐकू येतो. चढणारी माणसं बाटल्यांमधून, कॅनमधून पाणी आणतात आणि वाटेतल्या रोपांना घालतात. आबाही दोन बाटल्या नेतात. त्यांनी वाढवलेला कडुनिंब आता त्यांच्या डोक्याच्या वर गेला आहे. त्याच्यापाशी थांबतात, खालची वाळकी काटकी मोडतात, एखादं पान उलटून कीड लागली आहे का बघतात, मग पुढे. ओळखीची मंडळी भेटतात, पण वर वेताळाच्या देवळापर्यंत कुणी फारसं बोलत नाही. गप्पा उतरताना. हे सगळं नऊ वाजता मिळत नाही, राधा. म्हणून ते तुलाही उठवत होते. शिस्त लावायला नव्हे, तुला दाखवायला.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. स्वीडिश लोकांत 'योकोत्ता' नावाची जुनी प्रथा आहे. मे महिन्याच्या सुमारास, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी, ते पहाटे रानात जातात आणि कोकिळेच्या कुळातल्या इथल्या कुकूची साद ऐकतात. बरोबर कॉफी आणि खाऊ. आबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की म्हणाले, "मग तुम्ही जात का नाही?"

तर यंदा जाऊ या का? मेच्या मध्यावर सूर्य सव्वाचारला उगवतो, म्हणजे तीनला उठावं लागेल. दुसऱ्या दिवशी शाळेला जायचं असेल तर आदल्या रात्री आठला झोपायचं, दुपारीही एक डुलकी काढायची. थर्मासमध्ये तुझ्यासाठी कोको आणि डब्यात मेथीचे ठेपले घेते. यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी एकटी जाईन आणि कुकूचा आवाज तुझ्यासाठी रेकॉर्ड करून आणीन.

तुझी,
आई