आधी रात्रीचं शूटिंग टाळता येतं का बघा, मग लाइट्सचं बघू

‘आठ मिनिटांचा थ्रिलर, प्रेक्षक नववी ते बारावीचे, चार रात्री शूटिंग, कॉलेजच्या जुन्या इमारतीची तोंडी परवानगी मिळाली आहे’, असं तुम्ही लिहिलंय आणि पुढे विचारलंय कॅमेऱ्याबद्दल. कॅमेरा हाताशी असेल तो चालेल. मला काळजी वाटली ती ‘तोंडी’ या शब्दाची.

ज्या सरांनी ‘करा रे’ म्हटलं ते रात्री अकराला गेटवर नसतात. तिथे वॉचमन असतो, आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. आम्हाला सगळ्यात महागात पडलेली चूक तर याच्या पुढची होती. कागद होता, पण त्यावर वेळ नव्हती. ‘अमुक ते तमुक तारखेस चित्रीकरणास हरकत नाही’ एवढंच. संबंधित कार्यालयाने (नाव घेत नाही) त्याचा अर्थ ‘कार्यालयीन वेळेत’ असा लावला. दुरुस्त पत्रासाठी या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब मीटिंगमध्ये, उद्या या. लाइट्सचं भाडं मात्र न वापरलेल्या रात्रींचंही भरावं लागलं. त्या लोकांनी सरळ लेखी नकार दिला असता तरी चाललं असतं, निदान दुसरी जागा शोधता आली असती. विद्यार्थी आहेत म्हणून त्यांना असं लटकवून ठेवणं मला आजही अजिबात पटत नाही.

म्हणून पत्रात हे सगळं असलंच पाहिजे: तारीख, सुरू होण्याची आणि आवरून बाहेर पडण्याची वेळ, नेमक्या कुठल्या खोल्या, जिना, गच्ची, किती माणसं, वीज कुठून घेणार आणि साधारण किती वॅट, नकली हत्यार आहे का, जबाबदार शिक्षकांचा फोन नंबर. रात्री बाराला तारीख बदलते हे विसरू नका. ‘१२ तारखेला सायं. ६ ते रात्री २’ असं लिहिलंत, तर बारानंतरचे दोन तास कागदावर नाहीतच, असं म्हणणारा कुणीतरी भेटतो. ‘१२ तारखेच्या सायं. ६ पासून १३ तारखेच्या पहाटे २ पर्यंत’ असं लिहा. पत्राच्या दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. एक झेरॉक्स वॉचमनच्या केबिनमध्ये, एक तुमच्या फाइलमध्ये, फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये.

रस्त्यावरून दिसेल अशा ठिकाणी सुरा, खेळण्यातलं पिस्तूल किंवा किंचाळणं असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. हत्यार शॉटपुरतंच पिशवीबाहेर काढायचं. सार्वजनिक जागा हवी असेल तर महाराष्ट्रात चित्रनगरीमार्फत एक खिडकी योजना आहे, तिथे आधी चौकशी करा. मी वकील नाही, नियम बदलतात, तुमच्या गावचं तुम्ही विचारून घ्या.

पण माझं खरं मत विचाराल तर रात्रीचं शूटिंग करूच नका. खोलीतली रात्र दिवसा होते. खिडक्यांना बाहेरून काळं कापड दुहेरी लावा, कडेच्या फटी काळ्या कार्डशीटने बुजवा. (भिंतीला ब्राउन टेप लावू नका, रंग निघतो आणि पुढच्या वेळी जागा मिळत नाही.) कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल ठरवणारं सेटिंग) ३२०० केल्विनवर ठेवा आणि एका फटीतून थोडा दिवसाचा उजेड आत येऊ द्या. तो निळसर दिसतो, चांदण्यासारखा. आत पिवळ्या उजेडाचा ९ वॅटचा एकच दिवा, पात्राच्या मागे किंवा बाजूला. समोरून लाइट मारलात की भीती गेली.

फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २५, शटर (प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ) १/५० सेकंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून हे आकडे. मोबाइल बहुधा आपोआप ३० वर असतो, त्यात ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसतात, आणि एडिटमध्ये ते नीट जात नाहीत. बाहेरचा प्रसंग दिवसा घेऊन रात्र दाखवायची असेल तर एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), सूर्य पात्राच्या मागे, आणि फ्रेममध्ये आभाळ नको.

कलाकार शाळकरी असतील तर रात्र टाळायला आणखी एक कारण आहे. बालकलाकारांच्या नियमांत दिवसाला ५ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त काम नको असं आहे. तुमचा कॉलेजचा प्रोजेक्ट असला तरी हीच मर्यादा पाळा, आणि पालकांची लेखी संमती घ्या.

आता गोष्टीकडे. या वयाचा प्रेक्षक पहिल्या मिनिटात विचारतो, ‘मग फोन का नाही करत?’ रेंज गेली, बॅटरी संपली हे त्यांना आता चालत नाही, लगेच हसतात. फोनला रेंज आणि चार्जिंग दोन्ही असू द्या, फक्त तो वाजला तर लपलेली मुलगी सापडेल असं करा. कपाटाच्या आत, हाताच्या ओंजळीत झाकलेला उजेड, ‘टायपिंग…’ दिसतंय, आणि बाहेर पावलं थांबलीत. एवढ्यावर तीस सेकंद निघतात. स्क्रीनचे शॉट वेगळे घ्या, मेसेज पाच-सहा शब्दांचाच ठेवा आणि कुणाचाही खरा नंबर दिसू देऊ नका.

रक्त कमी, आवाज जास्त. सेन्सॉर बोर्डाची यूए प्रमाणपत्रं (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघण्याची) २०२३च्या कायदा दुरुस्तीपासून यूए ७+, १३+, १६+ अशी वयानुसार झाली आहेत. तुम्ही १३+ डोळ्यांसमोर ठेवा, म्हणजे शाळेत दाखवताना शिक्षक अडवणार नाहीत. आत्महत्येची पद्धत तर अजिबात दाखवू नका, याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब थ्रिलरला फसवतो. ‘ती जिना उतरते’ ही कागदावर अर्धी ओळ, पडद्यावर चाळीस सेकंद. प्रत्येक प्रसंग घड्याळ लावून चालून बघा. आठ मिनिटांना पाच-सहा पानं पुरतात. दिवसाला १५ ते १८ शॉटच धरा, लाइट हलवायलाच अर्धा तास जातो.

प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प उभं राहून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, नाहीतर एडिटमध्ये दोन वाक्यांमधला आवाज एकदम मेल्यासारखा तुटतो. पंखा, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलात की गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायला विसरणार नाही. रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, ज्या वेळी शूटिंग आहे त्याच वेळी जा. सकाळी शांत वाटणाऱ्या इमारतीशेजारी संध्याकाळी सातला आरती आणि ढोलपथकाचा सराव असतो.

पत्राचा मसुदा हवा असेल तर तारखा आणि खोल्या कळवा, शब्द न् शब्द लिहून देतो.