दाढेला रूट कॅनल सांगितलंय, घरचे म्हणतात काढून टाक. काय करू?

तुम्ही लिहिलंय की खालची दाढ महिनाभर ठणकतेय, डॉक्टरांनी रूट कॅनल (दाढ न काढता ती आतून साफ करून भरणं) आणि कॅप (वर बसवायचं टोपण) मिळून नऊ-दहा हजार सांगितले, आणि घरी सगळे म्हणतात, "काढून टाक, एका दाताने काय होतं?" रूट कॅनल दुखतं का, हेही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण ते घरच्यांचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य मी आमच्या पडवीत २०१४ च्या गणपतीत ऐकलंय, आणि त्याचं पुढे काय झालं ते रोज दोन वेळा ताटावर बघते आहे.

आमचं घर सिंधुदुर्गात, आचऱ्याजवळ. सासूबाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या. ऐन गौरीच्या दिवशी त्यांची डावीकडची खालची दाढ भडकली. दोन दिवस लवंग दाबून धरली, वर मशेरी लावली. लवंगेने बरं वाटतं हे खरं आहे. तिच्यातलं युजेनॉल दाताचे डॉक्टरही तात्पुरत्या सिमेंटमध्ये वापरतात, दवाखान्यात शिरल्यावर नाकाला जो वास येतो तो त्याचाच. पण कीड आतल्या नसेपर्यंत पोचली असेल तर लवंग ठणका थोडा वेळ दाबते, बाकी काही करत नाही. तिसऱ्या दिवशी गाल सुजला. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन मालवणला गेलो. मी, माझा नवरा आणि मुंबईहून आलेले भावजी.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि तो बोटाच्या पेराएवढा फोटो खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवला. मुळाच्या टोकाशी मोहरीएवढा काळा डाग होता. ते म्हणाले, "आत पू झालाय, पण दाढ हलत नाही, हाड चांगलं आहे. दोन मुळं, तीन नळ्या. साफ करून भरू, वर कॅप घालू. वाचेल." खर्च नऊ हजार सांगितला.

भावजी तिथेच म्हणाले, "एका दाताक नऊ हजार? आवशीचा वय काय आता? काढून टाकूया आणि मोकळे होवया." माझा नवरा धाकटा, तो गप्प बसला. सासूबाईंनी आधी मोठ्या मुलाकडे बघितलं, मग जमिनीकडे. मी म्हटलं, बचत गटाचे चार हजार माझ्याकडे आहेत, ते मी घालते. त्यावर मला उत्तर मिळालं, "तू यात पडू नको." जिच्या तोंडातली दाढ होती तिला कोणीच विचारलं नाही. मीसुद्धा विचारलं नाही, मी पैशांबद्दलच बोलले. ते अजून सलतं.

आठवडाभर गोळ्या खाल्ल्या, सूज उतरली, मग दाढ काढली. तीनशे रुपये. भावजी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने मुंबईला गेले.

तिसऱ्या रात्री सासूबाई उठून बसल्या. दाढ दुखत होती त्याच्या दुप्पट दुखत होतं, कानापर्यंत. झालं असं होतं की काढलेल्या जागी रक्ताची गुठळी बसते, ती त्या हाडावरचं झाकण असते. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी सवयीने मशेरी लावली, जोरात चूळ भरली, थुंकल्या. गुठळी निघून गेली आणि हाड उघडं पडलं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. पुन्हा मालवण, पुन्हा तीन वेळा जाऊन आत औषधाची पट्टी भरली. म्हणून, ज्यांना दाढ काढावीच लागणार आहे त्यांनी ऐका. कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरा. चोवीस तास जोराने थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही ओढू नका. आणि तंबाखू, मशेरी, बिडी निदान भरून येईपर्यंत तरी नाही म्हणजे नाही.

आता ‘एका दाताने काय होतं’ ते सांगते. दात एकमेकांच्या आधाराने उभे असतात. मधली एक दाढ गेली की मागची पुढे कलते आणि वरची, जिला खाली टेकायला काही उरलेलं नसतं, ती हळूहळू खाली उतरते. दोन वर्षांत सासूबाईंची मागची दाढ इतकी कलली की तिच्या आणि पुढच्या दाढेच्या मधे फट पडली. त्या फटीत रोज मासळीचे धागे अडकायचे. त्या सुपारीच्या काडीने कोरायच्या. मग ती कलंडलेली दाढही किडली, मग पुढची. डावीकडे चावता येईना म्हणून सगळा भार उजवीकडे, आणि उजवीकडच्या दाढा झिजून, हिरड्या सुजून हलायला लागल्या. २०१९ पर्यंत सात दात गेले होते. प्रत्येक वेळी काढणं स्वस्तच पडलं, दोनशे, तीनशे. बेरीज मात्र कोणी केली नाही.

सुका बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, वर खोबरेल तेल, सोबत उकड्या तांदळाची पेज. सासूबाईंचं हे सगळ्यात आवडतं जेवण. कुर्लीचे, म्हणजे खेकड्याचे, डेंगे त्या दाताने फोडायच्या (ते मुळातच चूक, दाताला चीर जाते). एका पावसाळ्यात दुपारी मी त्यांच्या समोर बसले होते. त्यांनी बांगड्याचा तुकडा तोंडात घातला, इकडून तिकडे फिरवला, मीठ चोखून घेतलं आणि तो तुकडा तसाच बोटांनी काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा. पेज संपली तेव्हा ताटाच्या कडेला पाच-सहा पांढरे पडलेले तुकडे ओळीने होते. मी विचारलं तर म्हणाल्या, "भूक नाय गो माका." पानं उचलताना पुढे म्हणाल्या, "दातांबरोबर चवय गेली." त्यानंतर मी त्यांना मासा काट्यातून सोडवून, कुस्करून देते. भाकरी आमटीत भिजवून. आठळ्या उकडून, सालं काढून, वाटून.

कवळी केली. ती स्टीलच्या वाटीत पाण्यात असते, लग्नाला जाताना निघते. जेवताना टोचते म्हणतात, आणि त्यात हट्ट नाही. दात गेला की त्याच्याभोवतीचं हाड झिजत जातं, हिरडी आक्रसते, आणि दोन वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी ढिली होते. इम्प्लांटचं विचारलं, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात. त्यालाही आधी पुरेसं हाड लागतं. ब्रिज करायचा तर दोन्ही बाजूंचे चांगले दात तासावे लागतात आणि त्यांच्यात तो भार पेलायची ताकद लागते. त्यांना दोन्ही बाजूंना तसे दातच उरले नव्हते.

२०२१ मध्ये भावजींची स्वतःची दाढ दुखली. त्यांनी मुंबईत रूट कॅनल केलं, चांगली सिरॅमिकची कॅप बसवली आणि आम्हाला फोन करून सांगितलं, "डॉक्टरान दाढ वाचवल्यान. आपलो दात तो आपलो दात." फोन स्पीकरवर होता. सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या, सोलतच राहिल्या. मला त्या दिवशी जे बोलायचं होतं ते मी बोलले नाही, कारण घरात भांडण नको होतं. आज इथे लिहिते. भावजी, अठ्ठावन्न हे दात काढून टाकायचं वय नव्हतं. त्या कितीतरी वर्षं कुस्करलेलं जेवतायत. नऊ हजार जास्त होते हे मला मान्य, पण त्याच गणपतीत आपण मखर, लायटिंग आणि फटाक्यांवर किती घातले ते तुम्हालाही माहीत आहे.

तर तुमचं. रूट कॅनल म्हणजे दाताच्या आतली किडलेली नस काढून, नळ्या बारीक सुयांसारख्या फाइलने घासून, औषधाने धुऊन, त्यात गट्टा-पर्चा नावाचा झाडाच्या चिकापासूनचा रबरासारखा पदार्थ भरणं. पूर्वीसारखं दहा वेळा जावं लागत नाही, साधारण एक ते तीन फेऱ्या. माझं स्वतःचं झालं २०२२ मध्ये. भूल लागल्यावर दुखलं नाही, पाऊण तास तोंड उघडं ठेवून जबडा मात्र अवघडला. दोन-तीन दिवस चावताना दुखरं वाटलं. ज्यांना ‘फार दुखलं’ असं सांगताना तुम्ही ऐकता, ते बहुतेक सूज चढलेली असताना गेलेले असतात. पू झालेल्या जागी भूल नीट धरत नाही. म्हणून ठणका लागल्यावर आठ दिवस गोळ्यांवर काढू नका, लगेच जा.

आणि गोळ्या खाऊन दुखायचं थांबलं तर बरं झालं असं समजू नका. बऱ्याचदा नस मेलेली असते म्हणून दुखत नाही, पू आत चालूच असतो. मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, तर गोळीचं औषध कुठून पोचणार?

कॅप टाळू नका. हे लोक हमखास करतात. दुखायचं थांबलं की कॅपचे पैसे वाचवायचे. कीड काढताना आणि आत जायला वाट करताना दाढ बरीच पोखरली जाते, तिच्या भिंती पातळ होतात. सुपारीचा किंवा चिंबोरीच्या कवचाचा एखादा तुकडा दाताखाली येतो आणि दाढ उभी चिरते. उभी चिरलेली दाढ मग काढावीच लागते, रूट कॅनलचेही पैसे गेले. साधी धातूची कॅप स्वस्त असते आणि मागच्या दाढेला ती उत्तम चालते, कोणाला दिसत नाही. डॉक्टरांनी सिरॅमिकच हवी असा आग्रह धरला तर विचारा, का.

पैशांची अडचण खरीच असेल तर डेंटल कॉलेज बघा. रत्नागिरीकडचे असाल तर खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे, सिंधुदुर्गातून बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज जवळ पडतं, मुंबईत कोणी नातेवाईक असेल तर नायरचं आणि सरकारी डेंटल कॉलेज. तिथे विद्यार्थी करतात, वर शिक्षक तपासतात. फेऱ्या जास्त पडतात, एसटीत दिवस मोडतो, पण खाजगीपेक्षा बरंच कमी लागतं. हे २०१४ मध्ये मला कोणी सांगितलं असतं तर मी सासूबाईंना एकटी घेऊन गेले असते.

घरात लहान मुलं असतील तर एक अजून. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे एक मोठी दाढ येते. काही न पडताच येते, म्हणून सगळ्यांना ती दुधाची वाटते. ती कायमची असते. माझ्या मुलीच्या त्या दाढेवर जत्रेतला खाजा खाऊन काळा ठिपका पडला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "पडतली ती, कित्याक पैशे घालतास?" मी त्याच आठवड्यात नेऊन सिमेंट भरून आणलं. सासूबाईंची पहिली गेलेली दाढ हीच. मी तेव्हा बोटाने मोजून बघितलं होतं.

वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, दात साफ करून घेतले की हलायला लागतात, असंही तुमच्या घरी कोणी म्हणेल. दाताची नस वेगळी, दिसण्याची नस वेगळी. आणि दात हलतात ते साफ केल्याने नाही, वर्षानुवर्षांच्या किटणाने हिरडी आणि हाड खाल्लेलं असतं म्हणून. किटण काढलं की ते उघडं दिसतं एवढंच.

मशेरीबद्दल मी सासूबाईंशी दहा वर्षं भांडले, शेवटी त्यांनी सोडली. भाजलेला तंबाखूच तो. तोंडात पांढरा चट्टा किंवा तीन आठवडे न भरलेली जखम दिसली तर दुखत नसली तरी दाखवा.

आता काही गोष्टी ज्या आधी लिहायला हव्या होत्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, साखर असेल, हृदयाची झडप बदललेली असेल तर दातात काहीही करण्याआधी डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हाड ठिसूळ होण्यावरची औषधं चालू असतील तर तेही सांगा, दात काढल्यावर जबडा भरून यायला त्याने अडचण होऊ शकते. दाढ खूप हलत असेल किंवा मुळापर्यंत चिरली असेल तर रूट कॅनलवर पैसे घालण्यात अर्थ नाही, हे एक्स-रेत आणि तपासणीत कळतं. एक्स-रे मागून घ्या आणि वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

आणि तुम्ही फक्त ‘खालची दाढ’ लिहिलंय, कितवी ते लिहिलं नाही. आरशासमोर उभं राहून अगदी मधल्या दातापासून मागे मोजत जा, मधे एखादा पडलेला असेल तर त्याचीही जागा धरा. सहावी किंवा सातवी असेल तर वाचवता येत असताना काढू नका. आठवी असेल तर ती अक्कलदाढ, ती डॉक्टरांना विचारून काढली तरी बहुतेक वेळा चालतं.