जुना लॅपटॉप अचानक बंद पडतोय? आधी हे बघ

अरे लगेच फॉरमॅट मारायला जाऊ नकोस, एका झटक्यात बंद पडतोय म्हणजे बहुतेक वेळा हार्डवेअरचीच भानगड असते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (सिस्टीमच्या नोंदी दाखवणारं टूल) कर्नल-पॉवर 41 हा एरर दिसेल, पण त्याने घाबरू नको, तो फक्त एवढंच सांगतो की नीट शटडाऊन झालं नाही, कारण सांगत नाही.

कधी बंद पडतो ते बघ. गेम किंवा व्हिडिओ लावल्यावर पडत असेल तर हीट. एचडब्ल्यूमॉनिटर नावाचं सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसरचं टेंपरेचर बघ, 95-100 डिग्रीला टेकत असेल तर खोलून साफ कर, फॅन आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) जाळीमध्ये धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला असतो, बाहेरून फुंकून तो निघत नाही. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेव हां. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्टही नवीन लाव, वाळून खडू झालेली असते.

चार्जर काढल्यावर 30-40 टक्क्यांवरच पडतो? मग बॅटरी गेली. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर चार्जिंग तिथेच थांबव, बॅटरी फुगलीय, आणि ती स्वतः उचकटायच्या भानगडीत पडू नको, दुकानात दे.