‘दोन्ही भोगण्यापेक्षा सरळ सिझर केलेलं काय वाईट?’

“कळाही सोसायच्या आणि शेवटी पोटही कापून घ्यायचं. त्यापेक्षा आधीच सिझर केलेलं काय वाईट?”

परळच्या एका प्रसूतिगृहात मी समुपदेशक आहे. दिवस वर गेले की घरच्यांकडून हा प्रश्न इतक्या वेळा येतो की ‘कळाही’ एवढं ऐकलं तरी पुढचं वाक्य मी मनात पुरं करते. विचारणारी बहुतेकदा बाळंत होणारी नसतेच. आई असते, सासू असते, कधी नवरा. जिचं पोट आहे ती शेजारच्या खुर्चीत भिंतीवरचं स्तनपानाचं पोस्टर वाचत बसलेली असते.

मनालीही तेच करत होती. (नाव बदललंय, घरच्या काही खुणाही.) एकोणतीस वर्षांची पहिलटकरीण, सासर डोंबिवलीला, बाळंतपणाला माहेरी लालबागला आलेली. आदल्या दिवशीच गौरी गेल्या होत्या. खाली रस्त्यावर ताशा असा कडकडत होता की खिडकी लावल्याशिवाय एकमेकींचं ऐकू येईना. फाइलच्या कव्हरवर निळ्या पेनाने लिहिलेली बाळंतपणाची तारीख होती गणेश चतुर्थीची, म्हणजे सहा दिवस उलटलेली. सकाळी डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं: उद्या भरती होऊन कळा आणू, नाही तर सिझर ठरवू, घरी बोला आणि संध्याकाळपर्यंत कळवा.

ते घरचं बोलणं माझ्यासमोरच चाललं होतं. सासूबाईंना बाळ अनंत चतुर्दशीच्या आत हवं होतं, नंतर पितृपक्ष लागतो. आईला ‘दोन्ही भोग’ नको होते, कारण थोरल्या लेकीचं अगदी तसंच झालं होतं: वीस तास कळा आणि मग सिझर. शिवाय तिने डिंकाचे लाडू करून ठेवले होते आणि गणपतीला येणारा-जाणारा त्यातला एकेक उचलत होता, हेही तिने दोनदा सांगितलं. नवरा मोबाइलवर कंपनीच्या विम्यात नॉर्मलला किती, सिझरला किती ते बघत होता. मधेच मान वर करून म्हणाला, “मॅडम, खासगीत पैशासाठीच सिझर करतात ना?”

अशी शंका घेणाऱ्याला मी वेड्यात काढत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात, सरकारीत १४.३ टक्के. गुंतागुंतीच्या केसेस धरल्या तरी एवढी तफावत मला पटत नाही. पण इथे मॅडमनी दोन्ही वाटा समोर ठेवल्या होत्या, कुणी सिझर गळ्यात मारत नव्हतं. त्याला तेवढं सांगितलं आणि तिघांनाही खाली चहाला पाठवलं. अशा वेळी माझा हाच एक ठरलेला उपाय असतो. चहा प्यायला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढी पुरतात.

दार लागल्यावर मनालीला विचारलं, तुला काय हवंय?

“सिझर,” ती लगेच म्हणाली. इतकी लगेच, की मी पुढे काही बोललेच नाही. ती पुन्हा पोस्टरकडे वळली. थोड्या वेळाने म्हणाली, “कळांची भीती वाटते, पण तेवढीच नाही. ताईच्या वेळी ती ओरडली ना, तर लेबर रूममधली बाई म्हणाली, ‘तेव्हा नाही ओरडलीस?’ ताई अजून कुणाला सांगत नाही. मला सांगितलं. मला ते ऐकायचं नाहीये.”

ही गोष्ट वेगळ्याच रुग्णालयातली होती, पण हे वाक्य मी याआधीही ऐकलेलं आहे. लाज वाटते. सिझरमध्ये ओरडायची वेळ येत नाही, म्हणून सिझर, असा तिचा हिशेब होता. बाहेर चहा पिणाऱ्या तिघांच्या हिशेबात ही बाब कुठेच नव्हती.

या भीतीला दुसरीही औषधं आहेत. कळांच्या वेळी विश्वासातली एक बाई सोबत ठेवता येते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांनाही तसं सांगितलेलं आहे. वेदना असह्य झाल्या तर कमरेतून एपिड्युरल घेता येतं. आणि लेबर रूममधल्या सिस्टरशी आधी ओळख करून घेता येते. हे सगळं सांगून मी तिला म्हटलं, एवढं करूनही तुला सिझरच हवं असेल तर मी तुझ्या बाजूने बोलेन. पण त्या बाईमुळे नको.

मग फाइल उघडली. सवयीने विचारलं, पाळी किती दिवसांनी यायची?

“चाळीस. कधी बेचाळीस.”

कव्हरवरची तारीख शेवटच्या पाळीवरून काढलेली असते: पहिल्या दिवसापासून २८० दिवस. पण हे गणित अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचं. जिची पाळी चाळीस दिवसांनी येते तिच्या पोटात गर्भच उशिरा धरतो. आत डोंबिवलीच्या दवाखान्यातल्या एनटी स्कॅनचा, म्हणजे तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट होता. त्यात बाळ पाळीच्या हिशेबापेक्षा नऊ दिवसांनी लहान होतं आणि खाली सुधारलेली तारीखही छापलेली होती. ती कव्हरवर कुणी उतरवलीच नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत बाळं साधारण सारख्याच वेगाने वाढतात, म्हणून त्या वेळच्या सोनोग्राफीची तारीख खात्रीची. आठवड्याहून जास्त फरक आला तर तीच धरायची असते. (आठव्या-नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवर पुन्हा वेगळी तारीख येते, ती बघून घाबरायचं नसतं. बाळ अंगाने मोठं किंवा बारीक असलं की ती हलते.)

तारीख ठरवणं माझं काम नाही. रिपोर्टला खूण करून मनालीला परत मॅडमकडे पाठवलं, जाताना एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले: माझे नेमके किती दिवस झालेत? पिशवीचं तोंड आत्ता कसं आहे? थांबले तर कधीपर्यंत, आणि तोवर बाळाकडे लक्ष कसं ठेवायचं?

मॅडमनी रिपोर्ट बघितला, कव्हरवरची तारीख खोडली. चाळीस आठवडे सहा दिवस नव्हे, एकोणचाळीस आठवडे चार दिवस. दिवस वर गेलेच नव्हते. चतुर्थीला बाळ यायला हवं होतं म्हणून हळहळणाऱ्या सासूबाईंच्या लक्षात आलं नसेल, पण त्या दिवशी सिझर केलं असतं तर एकोणचाळीस आठवडेही भरले नसते. गरज नसताना तितक्या लवकर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो.

पिशवीच्या तोंडाला बिशप स्कोअर नावाने गुण देतात: किती उघडलंय, किती पातळ झालंय, मऊ की कडक, कुठल्या दिशेला, बाळाचं डोकं किती खाली. आठ-नऊ गुण असले तर कळा आणल्यावर गाडी बहुधा सुरळीत निघते. मनालीचे तीन होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी भरती झाली असती तर ती कच्च्या तोंडावर कळा सोसत बसली असती, आणि आईच्या भीतीला आणखी एक दाखला मिळाला असता. थोरलीचं काय झालं असेल याचा मला तिथे अंदाज आला, पण तिची फाइल माझ्यासमोर नव्हती.

पाणी ठीक होतं, एनएसटीचा, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा, आलेख ठीक होता. मॅडम म्हणाल्या, एक्केचाळीस पूर्ण होईपर्यंत थांबू, दर दोन-तीन दिवसांनी तपासू, आणि तोवर कळा आल्या नाहीत तर मग आणू.

दहा दिवस मोजले तर तारीख पडत होती पितृपक्षातल्या पंचमीच्या आसपास. सासूबाई गप्प झाल्या. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, श्रद्धेवर आकडे चालत नाहीत. चाळीतल्या शेजारच्या आजींनी मात्र एका वाक्यात काम केलं, असं मनालीने नंतर सांगितलं: “पंधरवड्यात आलं तर आजोबाच परत आले म्हणायचं.” माझ्या पदविकेत हे कुणी शिकवलं नव्हतं.

आईचा प्रश्न मात्र उभाच होता. दुसऱ्या भेटीत त्यांच्याशी नीट बोलले.

काकू, म्हटलं, कळा आणल्या की सिझर वाढतं असं सगळ्यांना वाटतं. अमेरिकेत सहा हजारांवर पहिलटकरणींवर अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. निम्म्यांना एकोणचाळीस आठवडे भरल्यावर कळा आणल्या, निम्म्यांना थांबू दिलं. कळा आणलेल्यांत सिझर १८.६ टक्के, थांबलेल्यांत २२.२. तिथली रुग्णालयं वेगळी, धीर धरायची पद्धत वेगळी, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा लालबागला लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण ‘शेवटी सिझरच होतं’ हे काही खरं नाही.

“आणि झालंच तर?” त्या म्हणाल्या.

झालंच तर ते आधी ठरवलेल्या सिझरपेक्षा थोडं जास्त त्रासाचं असतं, हे मी लपवलं नाही. खूप वेळ कळा देऊन मग टेबलावर गेलेल्या बाईला रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा धोका अधिक. ठरवून केलेलं सिझर शांतपणे होतं, सगळी माणसं जागेवर असतात. काकूंचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबरच होतं. पण हिशेब या एका बाळापुरता मांडून चालत नाही. पिशवीवर एकदा टाके पडले की पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) त्या जागी चिकटून बसण्याचा धोका सुरू होतो आणि प्रत्येक सिझरगणिक वाढतो. पुढच्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येतो, मात्र दोनशेत साधारण एकीचा जुना टाका कळांमध्ये उसवतो, म्हणून सगळीकडे तशी तयारी नसते. जिला एकच मूल हवंय तिने हा भाग सोडून दिला तरी चालेल. मनालीला दोन हवी होती. आणि काकूंची खोली तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याची, लिफ्ट नाही. या शेवटच्या मुद्द्यावर काकू पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघू लागल्या.

नवऱ्याने उलटं विचारलं: मग बेचाळीसपर्यंत का नाही थांबायचं, आपोआप येतील की कळा. स्वीडनमध्ये हेच तपासायला घेतलं होतं, २०१९ मध्ये तो अभ्यास मधेच थांबवावा लागला. बेचाळीस पूर्ण होईपर्यंत थांबलेल्यांच्या गटात सहा बाळं गेली, एक्केचाळीसला कळा आणलेल्यांच्या गटात एकही नाही. प्रत्येक बाईपुरता धोका छोटाच असतो, पण वार थकत जाते, पाणी कमी होतं, बाळ आत शी करतं. जागतिक आरोग्य संघटनाही एक्केचाळीस पूर्ण झाल्यावर कळा आणा म्हणते, पण तारखेची खात्री असेल तर. निळ्या पेनाची तारीख त्यात बसत नव्हती.

त्या दिवसांत मनाली बाळाचं हलणं एका वहीत टिपायची. मागच्या बाजूला आरती-मंडळाचा वर्गणीचा हिशेब, पुढे टिंबं. हलणं नेहमीपेक्षा कमी वाटलं, पाणी गेलं, रक्त दिसलं तर मला फोन करायचा नाही, थेट निघायचं, हे मी तिला आणि तिच्या भावाला वेगवेगळं सांगितलं होतं. विसर्जनाच्या दिवशी लालबागमधून गाडी निघत नाही. भावाने मंडळाच्या पोरांना विचारून मागच्या गल्लीतून टॅक्सीचा रस्ता ठरवून ठेवला. लागला नाही.

एक्केचाळीस पूर्ण झाले. संध्याकाळी जेल लावलं, सहा तासांनी पुन्हा. सकाळी तोंड मऊ झालं, मॅडमनी पाणी फोडलं, सलाइनमधून कळांचं औषध सुरू केलं. सोबतीला थोरली बहीण होती, मनालीनेच तिला मागून घेतलं होतं. दुपारी सहा सेंटीमीटरवर पाणी हिरवं दिसायला लागलं आणि बाळाचे ठोके कळ ओसरल्यावरही खाली राहायला लागले. चारच्या सुमारास सिझर झालं. मुलगी, तीन किलो शंभर ग्रॅम, दोन मिनिटांत रडली.

म्हणजे काकूंना जे नको होतं तेच झालं. कळाही आणि टाकेही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तेव्हा पाय जरा जड होते, खोटं कशाला बोलू. काकू बाळाची दुपटी घडी करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मी म्हणतच होते.” मी काही उत्तर दिलं नाही. त्या दिवशी फाइलमध्ये जे होतं त्यावरून आजही मी तेच तीन प्रश्न लिहून देईन, पण ते टाक्यांशेजारी बसून बोलायचं नसतं.

मनाली कुशीवर वळून बाळाला पाजत होती. म्हणाली, “आई, मी केवढी ओरडले. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं असेल. कुणी काही बोललं नाही गं.”

काकूंना त्यात विशेष काय ते कळलं नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या थोरलीला कळलं. ती बाहेर पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. तिसरा मजला होताच. मंडळाच्या पोरांनी प्लास्टिकची खुर्ची आणली, मनालीला बसवली आणि चौघांनी मिळून त्या लाकडी जिन्याने वर नेली. दहा दिवसांपूर्वी त्याच जिन्याने त्यांनी चाळीचा गणपती खाली उतरवला होता. वळणावर एकाने सवयीने ‘हळू, हळू, कोपरा सांभाळा’ म्हटलं, आणि मागून काकू लाडवांचा नवा डबा घेऊन चढत होत्या.