सेट झालो की नेतो

तुमचा प्रश्न वाचून फोन बाजूला ठेवला, भांडी घासली आणि परत वाचला. म्युनिकची ऑफर हातात आहे, बायकोची पुण्यात चांगली नोकरी आहे, मुलगा चार वर्षांचा. 'आधी मी एकटा जातो, वर्षभरात सेट झालो की त्यांना नेतो' असा तुमचा बेत, आणि तो बरोबर आहे का असं तुम्ही विचारलंय. २०१६ च्या ऑक्टोबरात नाशिकहून म्युनिकला निघताना हेच वाक्य मी म्हटलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. माझं ते वर्ष दोन वर्षं दहा महिने चाललं.

ब्लू कार्डाला, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या इथल्या परवान्याला, पगार किती लागतो, डिग्री कशी तपासून घ्यायची, पीआर (कायम राहायची परवानगी) किती महिन्यांनी मिळतो, हे सगळं सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे आणि ते बदलत असतं. ते माझ्याकडून घेऊ नका. तिथे जे लिहिलेलं नसतं तेवढं सांगतो.

कागदांपासून सुरू करतो, कारण त्यांचं नाव काढलं की माझं डोकं अजून तापतं. मुलीच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी होती. जन्माची नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, नंतर नाव घालून घ्यायचं राहूनच गेलं. बालवाडीत कोणी बघितलं नाही. पासपोर्ट काढायला गेलो तेव्हा लक्षात आलं. दाखल्यावर आईचं नाव सासरचं, बायकोच्या पासपोर्टात माहेरचं, आणि विवाह प्रमाणपत्रावर माहेरचंच पण आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ए जास्त. आपल्याकडे कारकून बघतो, हसतो आणि 'एक अ‍ॅफिडेव्हिट करून टाका' म्हणतो. जर्मन माणूस तीन कागद टेबलावर ओळीने मांडतो आणि शांतपणे विचारतो की या तीन बायका कोण.

मग कोणीतरी सांगितलं, अपोस्टिल करून घ्या, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. एजंटाला पैसे दिले, मंत्रालय झालं, दिल्ली झाली, शिक्का आला. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली असल्याने आपलं अपोस्टिल इथे धरत नाहीत. हे मला शिक्का हातात आल्यावर कळलं. तो कागद मी ठेवून दिलाय. शिक्का सुरेख आहे.

नावांचा आणखी एक घोळ आहे, त्याला औषध नाही. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'च्याच रकान्यात जातं. इथे त्या रकान्यातलं सगळं त्या माणसाचंच नाव समजतात. त्यामुळे कागदोपत्री माझ्या मुलीला दोन नावं आहेत, एक तिचं आणि एक माझं. शाळेच्या पहिल्या दिवशी तिच्या बाकावर नावाची पट्टी चिकटवली होती, त्यावरही दोन्ही होती. पोरांनी दुसऱ्या नावावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, ते सांगायला भाषा नव्हती.

पैशाचं थोडक्यात. एकट्याने राहिलं की बचत जास्त होते असं आपण धरून चालतो. मीही धरलं होतं. पण बायको युरोपात राहत नसेल तर लग्न झालेल्या माणसाचाही कर एकट्याच्या वर्गात कापतात. ती इथे आली आणि तिला पगार नसला किंवा कमी असला तर तोच पगार हातात जास्त येतो. मुलांचा भत्ताही तसाच, किंडरगेल्ड म्हणतात त्याला, २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होता. मूल पुण्यात असेल तर आपल्यासारख्यांना तो मिळत नाही. शिवाय तिकडचं घर, इकडचं घर आणि तिकिटं. माझा हिशेब कधीच जुळला नाही, तरी प्रत्येक फोनवर मी 'बचत होतेय ना' हे सांगत राहिलो.

एकटेपणाबद्दल तुम्ही खूप काळजीने विचारलंय. येतो, आणि पहिला हिवाळा गेला की सवय होते. यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

फोनचं मात्र सांगतो. हिवाळ्यात इथे आणि भारतात साडेचार तासांचा फरक असतो. मुलगी नऊला झोपायची, म्हणजे इथे साडेचार, म्हणजे मी ऑफिसात. मग चार वाजता जिन्यात जाऊन व्हिडिओ कॉल लावायचो. जिन्यातले दिवे माणूस हलला तर लागतात, नाहीतर थोड्या वेळाने आपोआप बंद होतात. मी पायरीवर बसलेला असायचो, अंधार व्हायचा, दिवा लागावा म्हणून हात वर करून हलवायचो. तिला वाटायचं बाबा टाटा करतोय. 'टाटा बाबा' म्हणून ती फोन आजीकडे द्यायची आणि पळायची. कितीतरी दिवस मला कळलंच नाही की ती इतक्या लवकर का जाते. कळल्यावर दिव्याखाली उभा राहून बोलायला लागलो, पण तोवर तिला तेवढ्याच बोलण्याची सवय झाली होती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या दोघी आल्या. विमानतळावर मी ट्रॉली घ्यायला पुढे झालो तर मुलगी म्हणाली, 'राहू द्या, तुम्हाला जड होईल.' घरातून निघालो तेव्हा पाच वर्षांची पोर मला अरे-तुरे करत होती. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागली. मीही ट्रॉलीचं चाक अडकलंय का ते बघितलं.

आता शाळा. हे लांबेल.

ती तिसरीत बसली, साडेआठ वर्षांची. इथे बायर्न राज्यात, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या बव्हेरियात, चौथीच्या मे महिन्यात मुलांच्या हातात एक दाखला ठेवतात. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिन्हींच्या गुणांची सरासरी काढतात. गुण उलटे, १ उत्तम आणि ६ सगळ्यात वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे सरळ विद्यापीठाचा रस्ता. २.६६ पर्यंत रेआलशूले, दहावीपर्यंतची शाळा. त्याहून वाईट असेल तर मिटेलशूले, कामधंद्याकडे नेणारी शाळा. वय दहा.

पहिल्याच पालकभेटीत बाईंनी सुचवलं, हिला एक वर्ष मागे दुसरीत बसवू, भाषेला वेळ मिळेल. मी नको म्हटलं. गणितात ती वर्गाच्या पुढे होती, तीसपर्यंत पाढे पाठ होते. आणि माझ्या कानात 'वर्ष वाया गेलं' हे शब्द होते. आपल्याकडे एखादं पोर मागे राहिलं की लग्नकार्यातसुद्धा त्याच्याबद्दल कसं हळू आवाजात बोलतात, ते ऐकत मी मोठा झालोय. बाई चांगल्या होत्या. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं, तेही इंग्रजीत, कारण तीन वर्षं होत आली तरी मला ब्रेड आणि तिकीट घेण्यापुरतीच जर्मन येत होती. ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत चालायचं.

१६ मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. जर्मन कानावर पडायची एकच जागा होती, ती गेली. घरात तीन माणसं, तिघंही मराठी बोलणारी. शाळेतून कागद यायचे, मी ते फोनवर भाषांतर करून तिला समजावायचो आणि भाषांतर चुकायचं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कुलूप.

मे २०२१. जर्मन ४, गणित १, परिसर ३. बेरीज आठ, सरासरी २.६६. परिसरात तिनाऐवजी दोन असते तर बेरीज सात झाली असती आणि सरासरी बरोबर २.३३. हे गणित मी बसमध्ये केलंय, आंघोळ करताना केलंय. उत्तर बदलत नाही.

खरी बोच पुढे आहे. ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हती, त्यांच्यासाठी नियमात सवलत आहे. गुण जर्मन कच्ची असल्यामुळे कमी पडले असतील आणि ती कसर भरून निघेल असं शाळेला वाटलं, तर ३.३३ पर्यंतही गिम्नाझियुमची शिफारस करता येते. हे मला वर्षभराने एका तुर्की सहकाऱ्याकडून कळलं, कॅन्टीनच्या रांगेत. शाळेने आपणहून सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. शाळेवर मी बराच काळ चिडलो होतो, अधूनमधून अजूनही चिडतो, पण त्या नियमाचं पत्रक पालकसभेत वाटलेल्या कागदांत होतं. ती फाईल माझ्याच कपाटात होती, जर्मनमध्ये.

मुलगी आता रेआलशूलेत नववीत आहे आणि मजेत आहे. दहावीनंतर फाखओबरशूले नावाची शाळा असते, तिथून पुढे कॉलेजला जाता येतं. हे सगळं तीच मला समजावून सांगते, एखाद्या म्हाताऱ्याला समजवावं तसं. मी मान डोलावतो. तिच्या मनात त्या दाखल्याचं काहीही उरलेलं नाही.

बायको दातांची डॉक्टर. तिचा नाशिकचा दवाखाना, विकलेली डेंटल चेअर, इथे परवान्यासाठी भाषेच्या आणि विषयाच्या परीक्षा, ही गोष्ट मोठी आहे आणि तिची आहे. ती मी सांगणं बरोबर नाही. तुमच्या बायकोला तिच्या कामाचं इथे काय होईल हे विचारलंय का, ते तुमच्या प्रश्नात कुठे दिसलं नाही, म्हणून नुसतं विचारतो.

आता जे लिहायचं की नाही यात भांडी घासून झाली ते.

दोन वर्षं दहा महिने का लागले, असं कोणी विचारलं की मी कागद आणि घर ही दोन कारणं सांगतो. दोन्ही खरी आहेत. म्युनिकमध्ये घर मिळणं म्हणजे काय ते तुम्हाला आल्यावर कळेलच. एका घरासाठी जिन्यात रांग, हातात पगाराच्या स्लिपा, आणि घर मिळालंच तरी बऱ्याचदा आत स्वयंपाकाचा ओटाही नसतो, तो तुम्ही बसवायचा. कुटुंबाच्या व्हिसाला तेव्हा पुरेसं मोठं घर दाखवावं लागायचं, आणि कुटुंब कधी येणार हे ठरल्याशिवाय मालक मोठं घर देत नव्हते.

पण जून २०१८ मध्ये मला घर मिळालं होतं. तीन खोल्या, ७४ चौरस मीटर, स्टेशन पाच मिनिटांवर. चाळीसेक लोक बघून गेले होते आणि मालकिणीने मला फोन केला. भाडं मी ठरवलं होतं त्याच्यापेक्षा १८० युरो जास्त होतं. मी नाही म्हटलं आणि नाशिकला फोन करून सांगितलं की घर दुसऱ्या कोणाला दिलं.

१८० युरो मला जड नव्हते. तोवर माझं एकट्याचं बस्तान नीट बसलं होतं. शनिवारी सायकल, रविवारी उशिरापर्यंत झोप, एका कढईत दोन दिवसांचं जेवण. घरी कोणी वाट बघत नाही आणि उशीर झाला तर कोणी विचारत नाही. ही घडी मोडायची माझी तयारी नव्हती, आणि हे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा भाडं जास्त आहे असं म्हणणं सोपं होतं. एकटेपणाची सवय होते असं मी वर लिहिलंय ना, ते असं.

ते घर घेतलं असतं तर मुलगी दुसरीत बसली असती, आपोआप, वर्ष वाया न जाता. कोरोनाआधी तिला दीड वर्ष मिळालं असतं.

बायकोला हे गेल्या हिवाळ्यात सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने विचारलं, 'बाल्कनी होती का?' होती म्हटलं. ती उठून कुकर लावायला गेली. त्यावर आमचं अजून बोलणं झालेलं नाही.

तर तुमचा मुलगा. बायर्नमध्ये ३० जूनपर्यंत सहा पूर्ण होणारी मुलं त्याच सप्टेंबरात पहिलीत जातात. ज्यांची जर्मन कच्ची आहे त्यांना त्याआधीच्या दीडेक वर्षात बालवाडीतच वेगळी जर्मन शिकवतात, २४० तासांचा फोरकुर्स असतो. चार वर्षांचं पोर ती भाषा खेळताखेळता उचलतं. तुम्ही 'सेट व्हायला एक वर्ष' म्हणताय ते नेमकं हेच वर्ष आहे. तुम्ही इथे खोली, बँक आणि कार्ड यांच्यामागे फिराल आणि पोर तिकडे असेल.

कंपनीला जॉइनिंग तीन-चार महिने पुढे ढकलता येईल का, एवढं विचारा. मी विचारलंच नव्हतं, ऑफर जाईल या भीतीने. तिघांचे अर्ज बरोबर टाका. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी तिचं येणं लांबवू नका. सुरुवातीला एका खोलीत राहायची वेळ आली तर राहा. बायकोची नोकरी सोडवत नसेल आणि तिला यायचंच नसेल, तर मग 'वर्षभर' म्हणू नका, 'मी एकटा जातोय' असं म्हणा आणि त्यावर घरात भांडण होऊ द्या.

आणि मुलाचा जन्मदाखला आजच कपाटातून काढा. नावाची जागा भरलेली आहे का, आणि आईचं नाव तिच्या पासपोर्टातल्यासारखंच आहे का, ते बघा. नाव कोरं असेल तर महापालिकेत पंधरा वर्षांपर्यंत घालून मिळतं, फक्त रांगेत उभं राहावं लागतं.