प्रवचनातली मरुभूमी आणि बायबलमधलं रान

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती प्रवचनांत ‘मरुभूमीचा अनुभव’, ‘वाळवंटातून जाणं’ हे शब्द सारखे कानावर पडतात. कधी त्यांचा अर्थ कसोटीचा, कोरडेपणाचा काळ असा लागतो, तर कधी देवाच्या सहवासातला एकांत. एकाच प्रतिमेतून असे उलटे अर्थ कसे निघतात? आणि मराठी पवित्र शास्त्रात त्याच जागी बरेचदा ‘रान’ किंवा ‘अरण्य’ छापलेलं असतं, मग बरोबर शब्द कोणता?

आधी उत्तर, मग फोड. मुळातल्या शब्दाचा भर वाळूवर नाही, तसा झाडीवरही नाही. वस्तीबाहेरची, नांगर न लागलेली जमीन, एवढाच तो अर्थ. तहान आणि कोरडेपणा बायबलमध्ये आहेतच, ६३ वं स्तोत्र तर त्यावरच उभं आहे. पण ‘मरुभूमी म्हणजे मनाची शुष्क अवस्था’ हे समीकरण रुळलं ते पुष्कळ नंतर. प्रवचनकार दोन्ही अर्थ एका दमात वापरतात आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

हिब्रू शब्द आहे ‘मिदबार’. हा शब्द कुठे कुठे येतो ते पाहिलं की चित्र आपोआप तयार होतं. मोशे सासऱ्याची मेंढरं हाकत मिदबारच्या पलीकडे जातो, तिथे त्याला जळतं झुडूप दिसतं. दावीद रणांगणावर येतो तेव्हा थोरला भाऊ त्याच्यावर खेकसतो, की ती मूठभर मेंढरं मिदबारात कुणाच्या भरवशावर टाकून आलास? योएल संदेष्टा तर मिदबारातली कुरणं हिरवी झाल्याचं सांगतो. वाळूच्या टेकड्यांवर कुणी मेंढरं चारत नाही. शब्दाची व्याख्याच हवी असेल तर ती यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायात आहे: देव इस्राएलला तिच्या नव्या नवलाईच्या दिवसांची आठवण करून देतो आणि म्हणतो, की तू माझ्यामागे मिदबारात आलीस, पेरणी न झालेल्या जमिनीत.

यहूदियाचं रान नकाशावर पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंच, आणि तिथून पूर्वेला जेमतेम २५ किलोमीटरवर मृत समुद्र, समुद्रसपाटीच्या ४०० मीटरहून खाली. पश्चिमेकडून येणारे ढग डोंगरावरच रिकामे होतात आणि पलीकडचा उतार पर्जन्यछायेत राहतो. चुनखडीचे पांढुरके उघडे डोंगर, खोल कोरड्या घळी, हिवाळ्याच्या पावसानंतर काही आठवडे हिरवी लव, मग पुन्हा तांबूस-पिवळं. हे रान शहरापासून दूर कुठेतरी नव्हतं, वेशीबाहेर पडून डोंगराचा माथा ओलांडला की ते सुरू होई. बायबलमधली माणसं इतक्या सहज रानात जातात-येतात ती त्यामुळेच.

नव्या करारात शब्द येतो ग्रीक ‘एरेमॉस’. हे मुळात विशेषण: निर्जन, ओसाड, टाकून दिलेलं. जागेलाच लागतं असं नाही, पौलाच्या गलतीकरांस पत्रात यशयाच्या एका ओळीतून ते एकाकी पडलेल्या स्त्रीला लागलेलं आहे. लॅटिन ‘देझर्तुम’चाही धात्वर्थ ‘सोडून दिलेलं’ असाच. आणि मला सगळ्यात आवडणारा पुरावा मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे. पाच हजारांना जेवू घालण्याचा तो प्रसंग. येशू शिष्यांना म्हणतो, निर्जन जागी चला आणि थोडा विसावा घ्या. ते निर्जन जागी जातात. संध्याकाळी शिष्य म्हणतात, ही जागा निर्जन आहे, लोकांना जाऊ द्या. तीनदा तोच ‘एरेमॉस’. आणि चारच वचनांनी पुढे येशू लोकांना पंगतीने बसवायला सांगतो, कशावर? हिरव्या गवतावर. ‘वाळवंट’ हा एकच अर्थ मनात धरून हा अध्याय वाचला तर मार्क स्वतःलाच खोडतो आहे असं वाटेल.

आता मराठीपुरता एक चकवा. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दलचे ‘अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी’ हे शब्द मराठी वाचक नकळत ‘अरण्यरुदना’च्या चष्म्यातून वाचतो. अरण्यरुदन म्हणजे कुणीही न ऐकणारं, वाया गेलेलं रडगाणं. इंग्रजीतही त्या वचनाचा वाक्प्रचार होऊन तो याच अर्थाला आला आहे. पण शुभवर्तमानात नेमकं उलटं घडतं: सारा यहूदिया आणि यरुशलेमचे लोक लोटालोट करून त्याच्याकडे रानात जातात. ऐकणाऱ्यांची तिथे वाण नव्हती. शिवाय यशयाच्या ४० व्या अध्यायातली मूळ हिब्रू ओळ समांतर रचनेची आहे, तिथे ‘रानात’ हा शब्द घोषणेला न जोडता मार्गाला जोडणं जास्त सयुक्तिक: ‘एक वाणी घोषणा करते: रानात परमेश्वराचा मार्ग तयार करा’. बाबेलच्या बंदिवासातून घरी परतण्याची वाट रानातून जात होती, त्या वाटेबद्दलचं ते बोलणं. मृत समुद्राच्या काठी कुमरान इथे सापडलेल्या गुंडाळ्यांमध्ये एका यहूदी पंथाची नियमावली आहे, तिनेही ही ओळ अशीच घेतली. रानात जायचं आणि तिथे मार्ग तयार करायचा, म्हणजे नियमशास्त्राचा अभ्यास करायचा.

दुहेरी अर्थाचं मूळही बायबलमध्येच आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएलची रानातली चाळीस वर्षं म्हणजे परीक्षा: तुला नम्र करावं, तुझ्या मनात काय आहे ते कळावं, मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे तुला उमगावं म्हणून. होशेयच्या दुसऱ्या अध्यायात तेच रान प्रियाराधनाचं: मी तिला मोहवीन, रानात नेईन आणि तिच्या मनाशी बोलेन. दोन्ही चित्रांत घडतं एकच, माणसाभोवतीची शेतं, बाजार, तटबंदी काढून घेतली जाते. उरलेल्या मोकळ्या जागेत त्याचा कस लागू शकतो आणि त्याच्याशी कुणी निवांत बोलूही शकतं. बोलणारा आणि कस पाहणारा एकच असला की प्रवचनकाराला दोन अर्थांत निवड करण्याची गरजच उरत नाही.

येशूच्या चाळीस दिवसांत दोन्ही धागे एकत्र येतात. मत्तयाच्या वृत्तान्तात सैतानाला दिलेली तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, म्हणजे चाळीस वर्षांच्या रानाशी हे चाळीस दिवस जोडण्याचं काम मजकुरानेच करून ठेवलं आहे, ती प्रवचनकाराची कल्पनाशक्ती नव्हे. मार्क तर दोनच वचनांत आटोपतो, पण त्याचं क्रियापद जबर आहे: आत्म्याने त्याला रानात हाकललं. भुतं काढण्यासाठी तो जे क्रियापद वापरतो तेच. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी रोमन कॅथलिक उपासनेत दरवर्षी हाच प्रसंग वाचला जातो, मत्तय, मार्क, लूक असे आळीपाळीने. मरुभूमीवरची निम्मी प्रवचनं त्या रविवारची असतील, असा माझा कयास.

जाता जाता एका लाडक्या कोटीबद्दल. ‘मिदबार’मध्ये ‘दाबार’, म्हणजे शब्द, दडलेला आहे, म्हणून रानातच देवाचा शब्द ऐकू येतो, असं बरेच प्रवचनकार सांगतात. व्युत्पत्ती म्हणून हे जपून घ्यावं, कोशकार ‘मिदबार’चा संबंध सहसा गुरं हाकण्या-चारण्याशी लावतात. पण कोटी अगदीच हवेतली नाही. गीतरत्नाच्या चौथ्या अध्यायात प्रेयसीच्या मुखाला, तिच्या बोलण्याच्या अवयवाला, हुबेहूब ‘मिदबार’सारखाच शब्द वापरलेला आहे. चौथ्या शतकात मिसरचे तपस्वी रानात गेले तेव्हा मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर दुसरीच परंपरा होती: लेवीय १६ मधला, लोकांची पापं घेऊन रानात सोडलेला बकरा, आणि पाणी नसलेल्या जागी भटकणारे अशुद्ध आत्मे. म्हणजे ते शांततेसाठी कमी आणि सैतानाशी त्याच्या घरी जाऊन दोन हात करण्यासाठी जास्त गेले. त्या तपस्व्यांपैकी अंतोनीच्या चरित्रात बिशप अथनासियस लिहितो, की संन्याशांनी रानाचं नगर करून टाकलं. ‘एरेमॉस’वरूनच त्यांना ‘एरेमितेस’ म्हणू लागले, इंग्रजीतला ‘हर्मिट’ तो हाच. त्याच परंपरेतल्या सिंक्लेतिका या तपस्विनीच्या नावावर एक मार्मिक बोल आहे: पुष्कळ जण डोंगरात राहून शहरात असल्यासारखे वागतात, आणि गर्दीत राहूनही मनाने एकान्तवासी होता येतं.

इथून शब्द भूगोलापासून सुटला. ओल्याचिंब आयर्लंडमध्ये संन्याशांच्या एकान्तस्थळांना ‘डिझर्ट’ म्हणत, गावांच्या नावांत तो शब्द अजून आहे. रशियन संन्याशांनी ‘पुस्तिन’ हा मरुभूमीचाच शब्द घनदाट जंगलातल्या मठांना दिला. कार्मेल या कॅथलिक संन्यासी संघाने स्पेनमध्ये १५९२ साली बोलार्के इथे एकान्तवासाचा मठ काढला, त्यालाही ‘मरुभूमी’च म्हटलं. फ्रान्सचं उदाहरण तर सगळ्यात बोलकं. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा फर्मान रद्द केला आणि प्रॉटेस्टंट उपासना बेकायदा ठरली. तिथून १७८७ च्या सहिष्णुतेच्या फर्मानापर्यंतच्या काळाला तिथले लोक सरळ ‘मरुभूमी’ म्हणतात. सेवेन डोंगरांतल्या घळींमध्ये, गुहांमध्ये, झाडीच्या आडोशाने रात्री सभा भरायच्या, त्या ‘मरुभूमीतल्या सभा’. पत्रांवर आणि दाखल्यांवर गावाचं नाव टाकणं जिवावर बेतणारं, म्हणून ठिकाण लिहायचं ‘मरुभूमीत’. सांकेतिक पत्ताही तोच आणि धर्मशास्त्रही तेच, कारण प्रकटीकरणाच्या १२ व्या अध्यायात अजगरापासून पळालेल्या स्त्रीला देव रानातच आसरा देतो. म्हणजे इथे तिसरा अर्थ: छळ टळेपर्यंत लपायची जागा. मियाले गावात त्या काळाचं जे संग्रहालय आहे, त्याचंही नाव ‘मरुभूमीचं संग्रहालय’.

आणि कोरडेपणा? तो अर्थ घट्ट केला १६ व्या शतकातल्या स्पॅनिश साधकांनी. क्रूसभक्त योहान (१५४२–१५९१) प्रार्थनेत काहीच न जाणवण्याच्या अवस्थेला ‘शुष्कता’ म्हणतो आणि ती देवानेच आणलेली असू शकते असं बजावतो. आविलाच्या तेरेसाने तर प्रार्थनेला बागेची उपमा देऊन पाणी घालायचे चार प्रकार सांगितले, विहिरीतून पोहऱ्याने शेंदण्यापासून आपसूक पडणाऱ्या पावसापर्यंत. आजचा प्रवचनकार ‘सध्या माझं मन वाळवंट झालं आहे’ म्हणतो तेव्हा तो होशेयपेक्षा या दोघांच्या जवळ असतो. सोळावे बेनेडिक्ट यांनी २४ एप्रिल २००५ रोजी पोपपदाच्या प्रारंभीच्या प्रवचनात आणखी एक पायरी ओलांडली: गरिबीचं वाळवंट, एकाकीपणाचं वाळवंट, उद्ध्वस्त प्रेमाचं वाळवंट, आणि आतली वाळवंटं एवढी पसरली म्हणून बाहेरचीही वाढताहेत. मेंढपाळाने लोकांना त्यातून बाहेर काढायचं. होशेयमध्ये देव रानात नेतो, इथे रानातून बाहेर आणायचं आहे. दिशाच उलटी. म्हणून प्रवचन ऐकताना मी पहिल्यांदा क्रियापद पाहतो: माणसाला आत नेलं जातंय, तो तिथे लपलाय, का त्याला बाहेर काढायचंय? बहुतेक वेळा तेवढ्यावर अर्थाचा निकाल लागतो.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. ‘अरण्य’ आज दाट झाडीसाठी राखीव झाला आहे, पण त्याच्या मुळाशी संस्कृत ‘अरण’, म्हणजे दूरचं, परकं, आहे. वेदवाङ्मयात ते ‘ग्रामा’च्या विरोधात येतं. आरण्यकं गावाबाहेर शिकायची, ती या अर्थाने. म्हणजे जुन्या भाषांतरकारांनी निवडलेला शब्द मुळात ‘मिदबार’च्या फार जवळचा, काळाने त्यावर झाडं वाढवली इतकंच. ‘रान’ हे त्याचंच प्राकृतातून आलेलं रूप. त्याची अडचण वेगळी, शेतकऱ्याच्या तोंडी ‘रान’ म्हणजे पेरलेलं शेतसुद्धा. ‘मरुभूमी’तला ‘मरु’ परंपरेने ‘मृ’ धातूशी, मरणाशी, जोडतात. प्रवचनाला तो वजनदार वाटतो, पण होशेयच्या प्रियाराधनाला चालत नाही. ‘वाळवंट’ची गंमत अशी, की अभंगांच्या भाषेत ते नदीकाठचं, भक्तांनी फुललेलं आणि नाचाचं. एकाकीपणाचा अर्थ त्यात नाही, तो भूगोलाच्या पुस्तकातून आला.

माझं मत विचारलंत तर कसोटी, एकांत, आसरा या अर्थांना ‘रान’ ठेवावं आणि गरज पडेल तिथे ‘निर्जन’ जोडावं. जमिनीचं चित्रच उभं करायचं असेल तर ‘माळरान’ सर्वांत चपखल. प्रार्थनेतल्या शुष्कतेसाठी ‘वाळवंट’ किंवा ‘मरुभूमी’ खुशाल वापरावं. यशयाच्या ३५ व्या अध्यायातही ‘वाळवंट’ला माझी हरकत नाही, कारण तिथे सगळं पाण्यावरच चाललेलं आहे: ओढे फुटतात, झरे लागतात, आणि तापल्या भूमीचं तळं होतं. त्या तापल्या भूमीसाठी असलेल्या ‘शाराब’ या हिब्रू शब्दाचा अर्थ काही भाषांतरकार ‘मृगजळ’ असा घेतात. मराठीत तो हाताशी असताना तोच घ्यावा.