एसएमएस ‘गेला’ म्हणतो, पण पोचतच नाही: तुमचे प्रश्न

तारकर्लीहून: होमस्टेचं बुकिंग झालं की पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीने (तयार कोडने) पाहुण्याला एसएमएस जातो. एरर येत नाही, स्टेटस ‘क्यूड’ दिसतं, पण पाहुणे म्हणतात काहीच आलं नाही.

दादा, कोड बरोबर आहे तुमचा. क्यूड म्हणजे गेटवेने, म्हणजे मेसेज पुढे पाठवणाऱ्या सेवेने, तो ठेवून घेतला, एवढंच. पुढे तो मोबाइल कंपनीकडे जातो आणि तिथे डीएलटीची, म्हणजे धंद्याच्या मेसेजांच्या नोंदणी यंत्रणेची, चाळणी लागते. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांपासून धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर आधी धंद्याची नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), मग टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर), हे सगळं मंजूर करून घ्यावं लागतं, आणि पाठवलेला मजकूर त्या टेम्प्लेटशी तंतोतंत जुळावा लागतो. एखादी जादा स्पेस किंवा ‘चेक-इन’ऐवजी ‘चेकइन’ झालं तरी मेसेज अडकतो. मॅपची लिंक टाकत असाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तीही व्हाइटलिस्ट (आधी मंजूर) केलेली हवी. लायब्ररीत स्टेटस कॉलबॅकचा यूआरएल, म्हणजे मेसेजचं पुढे काय झालं ते गेटवे कळवेल असा पत्ता, द्यायची सोय असते, ती आजच चालू करा. ‘डिलिव्हर्ड’ येईपर्यंत काही धरून चालू नका, आणि ‘अनडिलिव्हर्ड’ आलं तर सोबतचा एरर कोड वाचा, बहुतेक वेळा कारण तिथेच लिहिलेलं असतं.

देवगडहून: हापूसच्या ऑर्डरचे मेसेज मराठीत सुरू केले तर बिल जवळजवळ तिप्पट झालं. परत इंग्रजीवर जाऊ का?

नका जाऊ ताई, गिऱ्हाइकाला आपल्या भाषेत मेसेज मिळावा हे मला मनापासून वाटतं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजीत त्यात १६० अक्षरं बसतात, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला २ बाइट लागतात म्हणून फक्त ७०, आणि त्याच्या वर गेलात की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च. त्यात काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘रत्नागिरी’ची ९ होतात, मोजून बघा. ‘आपण केलेल्या मागणीनुसार आपली आंब्याची पेटी आज रवाना करण्यात आली आहे’ हे एकच वाक्य ६७ खातं. ‘तुमची पेटी आज निघाली’ २० मध्ये बसतं आणि वाचायलाही बरं वाटतं. छोटं टेम्प्लेट नव्याने मंजूर करून घ्या. आणि हो, इंग्रजी मेसेजात रुपयाचं चिन्ह आलं तरी अख्खा मेसेज ७० च्या हिशोबात जातो.

हर्णैहून: मच्छीमार सोसायटीच्या अ‍ॅपात काही सभासदांचे नंबर गेटवे ‘इनव्हॅलिड’ म्हणून परत करतो. आमच्या फॉर्मची तपासणी मात्र पास होते.

त्या सभासदांनी नंबर मराठी कीबोर्डवरून टाकलाय का ते आधी बघा. पायथनचं इजडिजिट (आकडा आहे का ते तपासणारं फंक्शन) ‘९८’ हे मराठी आकडेसुद्धा आकडेच मानतं, म्हणून तपासणी पास होते, पण गेटवेला इंग्रजी आकडेच लागतात. सेव्ह करतानाच आकडे बदला, स्पेस आणि सुरुवातीचा शून्य काढा, पुढे प्लस ९१ लावा.

दुसरं म्हणजे तुमची माणसं बोटीवर, रेंजच्या बाहेर असतात. तोवर मेसेज कंपनीकडे पडून राहतो आणि बोट बंदराजवळ आली की सगळे शिळे मेसेज एकदम वाजतात. लायब्ररीत व्हॅलिडिटीची मुदत (किती वेळाने मेसेज रद्द व्हावा ते) द्यायची सोय असेल तर ती द्या, आणि मजकुरात तारीख-वेळ घालाच. कालचा वाऱ्याचा इशारा आजचा समजून कोणी बोट ओढून ठेवली तर त्याचा दिवस बुडतो, आणि उलट झालं तर जिवावर बेततं.

गुहागरहून, कॉलेजचा विद्यार्थी: लाइट गेली की टाइमआउट येतो, मी परत पाठवतो, मग एकाच माणसाला तीन-तीन मेसेज जातात.

अरे, टाइमआउट म्हणजे उत्तर तुझ्यापर्यंत आलं नाही, मेसेज कदाचित केव्हाच निघून गेलाय. पाठवायच्या आधी आपल्या डेटाबेसच्या टेबलात नोंद कर, बुकिंग नंबर आणि मेसेजचा प्रकार मिळून युनिक ठेव, म्हणजे दुसऱ्यांदा तीच नोंद होणारच नाही. अडकलेल्या नोंदी गेटवेच्या लॉगशी ताडून बघ, आणि तिथे नसेल तरच परत पाठव.

आणि तू पाठवलेल्या कोडात ऑथ टोकन (गेटवेची गुप्त किल्ली) उघडं दिसतंय. ते नुसतं पुसू नकोस, कोडाचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या जुन्या कमिटमध्ये (नोंदीत) ते राहतंच. गेटवेच्या पॅनलवरून आजच नवीन काढ, जुनं रद्द कर आणि नवीन कोडाबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेव.